चिनी आणि चायनीज

शीव स्थानकाबाहेर संध्याकाळी सातच्या सुमारास चायनीजच्या गाड्यांवर भट्ट्या पेटतात. चिरलेल्या कोबीचा डोंगर, उकडून तेल चोळून ठेवलेल्या नूडल्स, आधीच तळलेले मंचुरियनचे गोळे, स्टीलच्या डब्यांत सोया, व्हिनेगर आणि लालभडक शेजवान. कढईवर पळी आपटल्याचा खणखणाट सुरू झाला की टिळक रुग्णालयातून पाळी संपवून निघालेल्या परिचारिका, धारावीतले कारागीर, क्लास सुटलेली मुलं, सगळे बाकड्याभोवती गोळा होतात. "ताई, ग्रेव्ही की ड्राय? हाफ की फुल?" दोन प्रश्नांत व्यवहार पुरा होतो.

तीस वर्षं मी या गाड्यांवर खाते आहे आणि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. या खाण्याला आपण कधी 'चिनी' म्हणत नाही. लोणच्याची बरणी चिनी मातीची, बासष्टचं आक्रमण चिनी, दिवाळीत बाल्कनीला लावायच्या विजेच्या माळा चिनी. खाणं मात्र चायनीज. "आज चिनी जेवू या" असं मराठीत कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. 'चायनीज' हा शब्द हॉटेलांच्या इंग्रजी मेनूकार्डावरून आला हे उघड आहे. पण तो इतका घट्ट का रुजला, याचं मला वाटणारं कारण वेगळं आहे. त्याने आपली एक सोय केली. पदार्थ घरात घेता आला आणि माणूस उंबऱ्याबाहेर ठेवता आला.

शीवमध्ये राहणाऱ्या माणसाला असल्या सीमारेषांचा विचार टाळता येत नाही, कारण गावाचं नावच ते आहे. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. इकडे इंग्रज, पलीकडे आधी पोर्तुगीज आणि 1737 नंतर मराठे. टेकडीवरचा किल्ला सतराव्या शतकात जेरार्ड ऑन्जियरच्या काळात बांधला गेला, तो या हद्दीवर नजर ठेवायला. हद्दीवरच्या गावात माणसं येऊन थांबतात आणि चुली एकमेकींना लागतात. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या बराकींत पंजाबी निर्वासित आले. कोळ्यांची कोळंबी, पंजाबी हाताचं पीठ, ओवा आणि लाल तिखट यांतून 'प्रॉन्स कोळीवाडा' झाला. आज देशभरच्या मेनूकार्डांवर असलेल्या या नावात एक मुंबईचा कोळीवाडा आहे, हे खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

मंचुरियनही याच जातीचा पदार्थ. मांचुरियात तो शोधून सापडणार नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. कोणीतरी नेहमीपेक्षा वेगळं काही मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतायला घेतली, म्हणजे आपल्या कुठल्याही रश्श्याची सुरुवात. पुढे गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर. ही हकीकत ते स्वतः सांगत आले आहेत. कोबीचा किंवा फ्लॉवरचा शाकाहारी गोळा नंतर आला. उडुपी हॉटेलांनी तो उचलला आणि जैन ग्राहकांसाठी त्यातले कांदा-लसूणही काढले. इतका बदल सोसूनही तो मंचुरियनच राहिला. मला हे भेसळीचं लक्षण वाटत नाही. ज्या पदार्थाला एवढ्या लोकांच्या अटी मान्य करता येतात, त्याच्या अंगी मोठी माणुसकी असते.

शेजवानबद्दल मात्र मला हळहळ आहे. 1973 मध्ये ताजमहाल हॉटेलात 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झालं आणि सिचुआन प्रांताचं जेवण मुंबईला भेटलं. तिथून रस्त्यावर येता येता सिचुआनचं शेजवान झालं, लाल मिरची आणि लसूण यांची चटणी झाली. या प्रवासात एक मसाला गळून पडला. सिचुआनी स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी तिथली मिरी. नावाला मिरी, पण ती काळ्या मिरीच्या कुळातली नाही. ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण आहे, दोघी एकाच वनस्पतिवंशातल्या. कोकणात बांगड्याच्या आमटीत ठेचून टाकतात तेच तिरफळ. म्हणजे सिचुआनच्या स्वयंपाकघराशी आपलं खरं नातं मालवणच्या चुलीवर आधीपासून होतं, आणि गाडीवरच्या शेजवानात नेमकं तेच नाही. आणि लाल मिरची? ती दोघांनाही अमेरिका खंडातून, समुद्रमार्गे, गेल्या पाचशे वर्षांत मिळालेली. आज चीन आणि महाराष्ट्र दोघेही तिला आपलीच समजतात.

आता माणसांकडे येते. मुंबईत चिनी वस्ती होती. माझगावच्या नवाब टँक रोडवर 1919 चं 'सी यिप कून' मंदिर अजून उभं आहे. बंदरावर आलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी या शहरात दातांचे दवाखाने काढले, ब्युटी पार्लरं काढली, खानावळी चालवल्या. 20 ऑक्टोबर 1962 ला चीनशी युद्ध सुरू झालं आणि महिन्याभरात थांबलंही. पण त्या महिन्यात चिनी वंशाच्या माणसांवर जे आलं ते वर्षानुवर्षं टिकलं. आसाम, बंगालमधून सुमारे 3000 जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं. त्यात म्हातारे होते, तान्ही मुलं होती. अनेक जण इथेच जन्मलेले होते. बाकीच्यांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. मोकळीक मिळाली तेव्हा कितीतरी कुटुंबं कॅनडाला निघून गेली. माणसं गेली त्याच दशकांत त्यांचं खाणं लोकप्रिय होत गेलं, याचं दुःख आपण कधी नीट मानलेलं नाही.

मागच्या वर्षी आईला वांद्रे-कुर्ला संकुलात डिमसम खायला नेलं. शीवहून फार वेळ लागत नाही, पण तिथल्या काचेच्या इमारती पाहून ती जरा बावरली होती. बांबूची टोपली टेबलावर आली, झाकण निघालं, वाफ बाजूला झाली. 'हार गाव' होते, म्हणजे कोळंबी भरलेले डिमसम, आतली गुलाबी कोळंबी पारीतून दिसत होती. आईने एक उचलून डोळ्यांजवळ धरला आणि चुण्या मोजल्या. "नऊ कळ्या. उकड छान मळलीय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पीठ तांदळाचं नाही पण. तांदळाचं इतकं काचेसारखं होत नाही." तिचं बरोबर होतं. ते गव्हाचं सत्त्व असतं, त्यात चिकटपणा नसतो, म्हणून तेही उकळत्या पाण्यातच मळावं लागतं. हार गावला किमान सात चुण्या हव्यात असा कँटनच्या कारागिरांचा दंडक आहे. आईला यातलं काही माहीत नव्हतं. पन्नास गणेशचतुर्थ्यांचे मोदक वळलेल्या बोटांनी तिने समोरच्या बोटांची ओळख पटवली, आणि तिच्या तोंडी चिनी किंवा चायनीज यांपैकी एकही शब्द आला नाही.

"हे करणारी त्यांची माणसं आहेत का गं अजून इथे?" तिने विचारलं.

मी माझगावचं सांगितलं, देवळीचं सांगितलं. आणि त्यांची दफनभूमी अँटॉप हिलला आहे, आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हेही सांगितलं. साठ वर्षं शीवमध्ये काढलेल्या आईला ते ठाऊक नव्हतं. मलाही चाळिशीपर्यंत नव्हतं.

बराच वेळ ती टोपलीकडे बघत राहिली. बासष्टमध्ये ती दहा वर्षांची होती. मग म्हणाली, "आमच्या वर्गात एक होती. दातांच्या डॉक्टरांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही. बाईंनी हजेरीत तिचं नाव घेणं बंद केलं." नाव आठवायचा तिने प्रयत्न केला. आठवलं नाही.

"डबा आठवतो तिचा," ती म्हणाली. "पोळी-भाजीच असायची. बटाट्याची."