तर्क आणि इच्छा

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर २००८ ते २०१३ या काळात 'ब्रेकिंग बॅड' ही मालिका चालली. न्यू मेक्सिकोतील एका रसायनशास्त्राच्या शिक्षकास कर्करोग जडतो. बायकामुलांची सोय व्हावी म्हणून तो मादक द्रव्य तयार करू लागतो आणि पुढे खुनापर्यंत पोचतो. जुलै २०१२ मधील एका भागाच्या आरंभी हा गृहस्थ बावन्नाव्या वाढदिवशी मशीनगन विकत घेताना दिसला. ती कोणावर चालणार? उत्तर २९ सप्टेंबर २०१३ रोजी मिळाले. मधले चौदा महिने रसिक तर्क लढवीत राहिले.

आम्ही ती बऱ्याच उशिरा पाहिली. तरीही आमच्या सरकारी वसाहतीतील चार बिऱ्हाडांत तोच खेळ रंगला. 'तो सुटेल,' असे आम्ही पैजेवर सांगत होतो. पण तो तर्क नव्हता, इच्छा होती! त्याच्या हातून मेलेल्यांचा हिशेब आम्ही मांडलाच नाही. 'संसारासाठी केले' ही सबब आम्हांस फार ओळखीची. गेल्या बदलीच्या प्रवासभत्त्याच्या बिलातील आमचा एक आकडा तिच्याच आधारावर उभा आहे.

मशीनगन टोळीवर चालणार, हे आमच्यातील एकाने अचूक ताडले होते. परंतु अखेरच्या भागात तो पत्नीजवळ कबूल करतो की, हे सारे आपण स्वतःसाठीच केले, आपणांस ते आवडत होते. ही कबुली कोणीच धरली नव्हती. त्या रात्री चहाला कोणी थांबले नाही.