बंद बाटलीपाशी

बेल्जियममधील वेस्टमाल येथील ट्रॅपिस्ट मठात १८३६ पासून बिअर बनते. बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर व यीस्ट घालतात आणि दोन-तीन आठवडे ती उबदार खोलीत ठेवतात. यीस्ट साखर खाते, वायू सुटतो. बाटली बंद असल्याने तो बिअरमध्येच मुरतो. घरी बिअर करणाऱ्यालाही ही वाट चुकत नाही. मुरली की नाही, हे बघायचे तर बाटली उघडावी लागते. आणि उघडलेली बाटली मग कधीच तयार होत नाही!

आम्हा आईबापांचेही असेच होते. मुलगा म्हणतो, गुटखा सोडला. आठव्याच दिवशी आम्ही त्याचा खिसा तपासतो. (तपासणे कधी कर्तव्यच असते, हे मान्य. पण आठव्या दिवशी?) खिसा रिकामाच निघतो. त्या रात्रीपासून मुलगा आमच्याबरोबर जेवायला बसत नाही.