‘ओके’ दाबण्याआधी

पावसाळ्यात कोकणातल्या हर्णैच्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून पडलेल्या असतात. जुलै सरत आला की ताडपत्र्या निघू लागतात, जाळ्यांची डागडुजी सुरू होते, इंजिनं खोकत खोकत जागी होतात. अशाच एका नौकेवर मला नवा प्लॉटर, म्हणजे नौकेची जागा नकाशावर दाखवणारं यंत्र, बघायला बोलावलं होतं. केबिनमध्ये बारा इंची पडदा, त्यावरची कंपनीची पातळ फिल्म अजून काढलेली नाही, वर फुलांची माळ आणि कडेला हळदीकुंकवाची दोन बोटं. नौका हाकणाऱ्या तांडेलांनी बटण दाबलं. पडदा उजळला आणि इंग्रजीत आठ-दहा ओळींची सूचना आली. ती पुरती उमटायच्या आत त्यांनी ‘ओके’ दाबलं.

“काय लिहिलं होतं ते?” मी विचारलं.

“रोजचंच आहे ते, मास्तर. दाबल्याशिवाय पुढं जात नाही.”

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला लावलं आणि सूचना वाचून दाखवली. हा नकाशा फक्त मदतीसाठी आहे, एकट्या यंत्रावर विसंबून नौका हाकू नका, जबाबदारी हाकणाऱ्याची, असा तिचा मतलब. शब्द थोडेफार बदलतील, पण बहुतेक प्रत्येक प्लॉटर चालू होताना हेच सांगतो. तांडेल थोडे गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे लाखभर रुपये घेऊन वर हात झटकले म्हणायचे!”

कंपनीने हात झटकले हे खरंच. पण ‘ओके’ दाबून आपण सही केली हेही खरं आहे, आणि रोज करतो.

यंत्राला हळदीकुंकू लावलं याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या वस्तूवर पोट चालतं तिला हात जोडायची आपली रीत आहे आणि नारळी पुनवेचा नारळ मीही सोडतो. खटकतं ते पुढचं. पूजा झाली की प्रश्न विचारणं थांबतं. अंधश्रद्धा म्हटलं की आपल्याला अंगारे-धुपारे आठवतात, पण उपग्रहाचं ऐकणाऱ्या पडद्यावर न वाचता, न तपासता सात-आठ माणसांचा जीव सोपवणं याला दुसरं नाव मला सुचत नाही.

त्या दिवशी आम्ही एक साधा प्रयोग केला. पडद्यावर सुवर्णदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी मोठं करून पाहिलं. खडकांच्या बारीक फुल्या, खोलीचे आकडे, सगळं होतं. मग वजाचं बटण दाबत दाबत दाभोळपासून श्रीवर्धनपर्यंतचा किनारा एका पडद्यात बसवला. फुल्या गेल्या. आकडे विरळ झाले. पाणी सगळीकडे सारखं, निळं, निर्धास्त दिसू लागलं. खडक होता तिथेच होता, पडद्याने फक्त तो दाखवायचं सोडलं होतं. इलेक्ट्रॉनिक नकाशात बऱ्याच खुणांना ‘अमुक प्रमाणापर्यंतच दिसावी’ अशी मर्यादा घातलेली असते, नाहीतर लहान प्रमाणावर खुणांची गर्दी होऊन काहीच वाचता येणार नाही. कागदी नकाशा जेवढा असतो तेवढा समोर असतो. हा नकाशा मात्र आपण जेवढं विचारू तेवढंच उत्तर देतो.

याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. २०१४ सालच्या व्होल्व्हो ओशन रेसमध्ये ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका केपटाउनहून अबुधाबीकडे निघाली होती. २९ नोव्हेंबरच्या रात्री, ताशी १९ नॉटच्या आसपास वेगाने, ती मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराहोसच्या प्रवाळखडकांवर चढली. नौकेवर जगातले निवडक दर्यावर्दी होते आणि उत्तमातली उत्तम उपकरणं होती. तो खडक नकाशातही होता. पण ज्या प्रमाणावर ते नकाशा पाहत होते, त्यावर तिथे उथळसर पाण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. मोठं करून पाहायचं राहून गेलं. नऊही जण वाचले, हे नशीब.

याच हिंदी महासागरात, त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी, १७८६ च्या मे महिन्यात ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज दिएगो गार्सिया बेटावर फुटलं. नकाशे चुकीचे होते. त्यावरचा एक तरुण अधिकारी, जेम्स हॉर्सबर्ग, वाचला. नंतर मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या जहाजांवर काम करताना तो खोली, वारे, प्रवाह, किनारे यांची नोंद ठेवत गेला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक झाला आणि त्याने सिद्ध केलेली मार्गदर्शिका पूर्वेकडे येणाऱ्या जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. ज्या चुकीने आपलं जहाज फुटलं ती दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी त्या माणसाने आयुष्य घातलं. त्याचा राग नकाशावर होता, आणि तो त्याने नकाशा सुधारूनच काढला.

आपण काय करतो? प्लॉटर घ्यायला निघतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, शेजारच्या नौकेवर केवढा आहे. त्याचा नऊ इंची तर माझा बारा. नकाशाचं कार्ड हा खर्चातला शेवटचा आकडा, आणि घासाघीस होते ती तिथेच. माझ्या परिचयाच्या एका नाखवांना, म्हणजे नौकामालकांना, दुकानदाराने “तेच आहे, फक्त कॉपी केलेलं” म्हणून स्वस्तात कार्ड दिलं. त्यात नकाशा कोणत्या सालचा, हे दुकानदारालाही सांगता येईना. नाखवांनी चालवून घेतलं. हेच नाखवा इंजिनात भेसळीचं डिझेल गेलं तर पंपावर जाऊन भांडतील.

खासगी कंपन्यांचे नकाशे बहुतांशी सरकारी सर्वेक्षणांवरच उभे असतात. आपल्याकडे हे काम देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करतं. दर पंधरवड्याला ते दर्यावर्दींसाठी सूचना काढतं: अमुक ठिकाणी बुडालेलं जहाज आढळलं, अमुक दिवा बंद आहे, अमुक बोया हलवला. जुन्या कार्डात यातलं काही येणार नाही. नवं, पैसे मोजून घेतलेलं कार्डसुद्धा सर्वज्ञ नसतं. कित्येक किनाऱ्यांची मोजणी शिसाचा गोळा दोरीने सोडून झालेली आहे, आणि दोन मोजमापांच्या मधल्या जागेत काय आहे हे त्या दोरीला कधी कळलंच नाही. उपग्रह तुमची जागा चार-पाच मीटरच्या आत सांगेल. पण शंभर वर्षांपूर्वी मांडलेला खडक नकाशात शंभर-दोनशे मीटर सरकलेला असू शकतो. दोन्ही एकाच पडद्यावर, सारख्याच रेखीवपणे उमटतात, आणि म्हणूनच फसायला होतं. खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात सरकणारा वाळूचा दांडा तर कुठल्याच कार्डात नसतो. तो फुटणाऱ्या लाटेच्या रंगावरून ओळखावा लागतो, आणि ते आपल्या तांडेलांना येतं. प्लॉटर आला म्हणून ते विसरायचं कारण नाही.

म्हणून आधी नकाशा पाहावा, मग पडदा. आपल्या बंदराचं मुख आणि आपण जातो ते पाणी दुकानातच मोठं करून बघावं. तिथे आकडे दाट असतील तर मोजणीचं काम नीट झालंय, विरळ असतील तर तिथली मोजणीच विरळ आहे. आवृत्तीचं साल विचारावं, पुढे नकाशा अद्ययावत करण्याचं शुल्क विचारावं. पडदा दोन इंच लहान घेतला तर त्या पैशांत खरं कार्ड आणि हातात धरायचा एक सुटा जीपीएस बसतो. टचस्क्रीनचा मोह आवरावा असं मी म्हणेन. बर्फाच्या पाण्याने आणि खवल्यांनी माखलेल्या बोटांचं तो ऐकत नाही, बटणं ऐकतात. इंजिन मारताना बॅटरीचा दाब घसरला की प्लॉटर बंद पडून पुन्हा सुरू होतो का, हे बंदरातच पाहून घ्यावं. होकायंत्र काढून टाकू नये. एवढं केलं तर यंत्र कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न फार मोठा उरत नाही.

आकड्यांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे शिकलेली माणसंही गडबडतात. जुन्या वहीत तांडेलांनी एका जागेची नोंद केली होती: १७ अंश, ४८.५०. म्हणजे साडेअठ्ठेचाळीस मिनिटं. त्यांच्या मुलाने नव्या प्लॉटरमध्ये ती भरली ४८ मिनिटं ५० सेकंद अशी, कारण यंत्र सेकंदांवर लावलेलं होतं. फरक पडला सुमारे सहाशे मीटरचा. वही बरोबर, मुलगा हुशार, यंत्र नवं, आणि तरी खूण अर्धा किलोमीटरहून अधिक दूर! खोलीचंही तसंच. आपले लोक वावांत बोलतात, पडद्यावर कधी मीटर असतात कधी फूट. एक वाव म्हणजे सहा फूट. पडद्यावर नुसता ‘५’ दिसला तर तो पाच वाव, पाच मीटर की पाच फूट, हे सगळ्या नौकेला माहीत असलं पाहिजे.

“आमच्या आज्याकडं कुठं होता प्लॉटर?” हा सवाल मला नेहमी येतो. खरं आहे. आजोबांनी डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून, दुसरीकडे आणखी एक जोडी बघून जागा पकडली. तो नकाशा डोक्यात होता. पण तो त्यांनी एकट्याच्या डोक्यात ठेवला नाही. नातवाला पुढे बसवलं, बोट धरून दाखवलं. आज काय होतं? सगळ्या खुणा तांडेलाच्या यंत्रात. तांडेल नौका सोडून गेला की यंत्रातल्या खुणा पुसून जातो, नाहीतर यंत्र विकलं की वीस वर्षांचं शहाणपण भंगारात जातं.

आणि इथे मला कडू बोलावं लागेल. मासळीची जागा लपवावी, ती ज्याच्या त्याच्या कष्टाची कमाई आहे. पण जाळं फाडणारा बुडालेला सांगाडा, ओहोटीला वर येणारा खडप, तुटून पडलेला नांगर, यांच्या खुणाही आपण गुपित म्हणून ठेवतो. का? तर त्या खुणेच्या बाजूलाच मासळी असते. म्हणजे दुसऱ्याचं जाळं फाटलं, दुसऱ्याची नौका लागली, तरी चालेल. माझी जागा कळता कामा नये. एकाच बंदरातली, एकाच होळीला नाचणारी माणसं हे करतात. समुद्रात कुणी बुडत असेल तर जाळं तोडून मदतीला धावणारी हीच माणसं आहेत, हे मी पाहिलंय. मग बुडण्याआधीची मदत का करू नये?

मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात डिझेलचं रजिस्टर असतं, बर्फाचं असतं. धोक्याच्या जागांचं का नसावं? अक्षांश, रेखांश, खोली, काय आहे, कुणी केव्हा पाहिलं, एवढे चार-पाच रकाने. मासळीचा रकाना नको. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक नौकेने त्यातून आपल्या प्लॉटरमध्ये खुणा भरून घ्याव्यात आणि मे महिन्यात आपल्या नव्या खुणा त्यात टाकाव्यात. त्यातल्या पक्क्या नोंदी देहरादूनला कळवता येतात. दर्यावर्दींनी असं कळवावं हीच तिथली अपेक्षा असते. सरकारी योजनांतून यंत्रं येतात, अनुदान येतं, फोटो निघतात. त्याच पैशांतला थोडा हिस्सा दोन दिवसांच्या शिकवणीवर आणि मराठीतल्या चार पानी पुस्तिकेवर खर्च झाला, तर निम्मी यंत्रं खऱ्या अर्थाने चालू होतील. आज ती नुसती पेटलेली असतात.

शिकवणी फक्त तांडेलाची नको. कोकणातल्या नौकांवर आज नेपाळपासून कर्नाटकापर्यंतचे खलाशी आहेत. त्यांतल्या अनेकांची समुद्राशी ओळख नवी, पगार सगळ्यांत कमी, आणि जाळ्यासोबत पाण्यात ओढलं जाण्याचा धोका त्यांनाच सगळ्यांत जास्त. प्लॉटरवर माणूस पाण्यात पडल्याची खूण करणारं एक बटण असतं, बहुधा ‘एमओबी’ असं लिहिलेलं. ते दाबल्या क्षणी ती जागा पडद्यावर पक्की होते, आणि परतायची दिशा मिळते. रात्री, वाऱ्यात, मिनिटाभरात नौका कुठे गेलेली असते! ते बटण केबिनमध्ये तांडेलाच्या हाताशी आणि पडणारा मागे जाळ्यावर. मधल्या कुणालाच ते ठाऊक नसेल, तर बारा इंची पडद्याचा त्या पडणाऱ्याला काय उपयोग?

म्हणून त्या दिवशी तांडेलांना मी एवढंच म्हटलं की नव्या खलाशाला बोलवा. नेपाळहून दोन दिवसांपूर्वी आलेला, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा केबिनच्या दाराशी उभा राहिला. चपला बाहेर काढून आत आला, जणू देवघरात पाऊल टाकतोय. तांडेलांनी त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि दाबायला लावलं. यंत्र जोरात ओरडलं, मुलगा दचकून मागे सरला. खाडीच्या चिखलात रुतलेल्या नौकेखाली पडद्यावर लाल खूण उमटली. ती पुसायची कशी, हे तांडेलांनाही ठाऊक नव्हतं. खोक्यातली पुस्तिका शोधून, वाचून, ती पुसेपर्यंत आमचा अर्धा तास गेला.