देह निजला, मन निजले काय?

सज्जनहो, आमच्या उमरग्याच्या दिंडीत एक वृद्ध माळकरी बाई आहेत. मागे त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. "महाराज, भूल दिली म्हनले, पर मला समदं ऐकू येत हुतं. बोट हलंना, जीभ उचलंना." घरच्यांनी तो भ्रम ठरविला. आता दुसरी शस्त्रक्रिया निघाली, तर बाई नाही म्हणून बसल्या.

हा भ्रम नव्हे. शास्त्राने जागृति, स्वप्न, सुषुप्ति सांगितल्या. हिला कोठे बसवावे? देह सुषुप्तीतला, मन जागृत! कारण असे की, निजविण्याचे औषध वेगळे आणि स्नायू सैल करण्याचे वेगळे. पहिले कमी पडले नि दुसरे पुरते लागले, की आत जाग येते, बाहेर कोणास पत्ता नाही. क्वचित घडते, पण घडते.

मेंदूत विजेच्या सूक्ष्म लहरी चालतात. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ साली त्या माणसाच्या डोक्यावरून टिपल्या. आता कपाळाला पट्टी चिकटवितात आणि यंत्र त्या लहरींवरून आकडा दाखविते : जागेपणी शंभराजवळ, शस्त्रक्रियेच्या भुलीत ४० ते ६०. यंत्रही फसते हो. केटामाइन दिले की आकड्याचा भरवसा नाही. म्हणून उच्छ्वासातील भुलीच्या वायूचे प्रमाणही पाहतात. साक्षी मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही, ते असो.

मी म्हटले, "माउली, मागची हकीकत भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. एकदा असे झालेल्याला ते अधिक जपतात."

बाई सोलापूरला जाण्यास तयार झाल्या. एवढेच विचारले, "मग कपाळाचा बुक्का पुसावा लागंल का?"

"होय," म्हटले, "पट्टी चिकटली पाहिजे."