कंप नेमका कुठे असतो?

पारशिवनीहून नागपूर तासाभराच्या वाटेवर. हात थरथरणाऱ्या, चाल मंदावलेल्या वडीलधाऱ्याला घेऊन गेलेलं घर संध्याकाळी परततं, तेव्हा हातात एमआरआयचं मोठं पाकीट असतं आणि रिपोर्टात बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: वयोमानानुसार बदल, बाकी ठीक. घरच्यांना ते पटत नाही. माणूस डोळ्यांदेखत कापतोय आणि फिल्ममध्ये काहीच कसं नाही? डॉक्टरांनी मात्र पार्किन्सन्सची गोळी सुरू केलेली असते. या न पटण्याचं उत्तर शोधायला वैद्यकाला दोन शतकं लागली.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये लंडनमध्ये या आजारावर निबंध लिहिला, तो सहा माणसांच्या निरीक्षणावर. त्यांतली दोन त्यांना रस्त्यात भेटली होती, एक तर नुसतं दुरून पाहिलेलं. चालणं, वाकणं, हाताची थरथर, डोळ्यांना दिसेल तेवढंच हाताशी होतं. आजाराचं मूळ मानेकडच्या मज्जारज्जूत असावं, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही, पण ‘कुठे?’ हा प्रश्न मागे राहिला आणि पुढची शंभर वर्षं सगळे त्याच्याच मागे होते. 1919 मध्ये पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या पेशी नष्ट झालेल्या दाखवल्या. जागा सापडली.

मग प्रश्न बदलला: तिथे कमी काय पडतं? या टप्प्यावर आपल्याकडची एक वनस्पती कामी आली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिच्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले, आणि डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या द्रव्याचा कच्चा माल असलेलं एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हिंडू लागले. ही 1957 ची गोष्ट. तीनच वर्षांनी व्हिएन्नात पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं सिद्ध झालं. अंगाला लागली की आग आणणारी खाजकुहिली विदर्भातल्या जंगलाकाठच्या माणसाला सांगावी लागत नाही. तिच्या बियांत हेच एल-डोपा असतं. मद्रासच्या संशोधकांनी ते 1937 मध्येच वेगळं केलं होतं आणि मुंबईच्या डॉक्टरांनी 1978 मध्ये त्या बियांचा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. (बियांमधलं प्रमाण सारखं नसतं, गोळी सोडून चूर्णाकडे वळण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.)

एक जागा, एक द्रव्य, एल-डोपाची एक गोळी. हिशेब इतका नेटका जमला की त्यात न बसणाऱ्या गोष्टी बाजूला पडल्या. गोळीने हालचालीतला मंदपणा सुधारतो, पण कित्येकांची थरथर तशीच राहते. डोपामिन किती घटलं यावरून थरथर किती असेल हे नीट सांगता येत नाही. आणि सगळ्यांत चक्रावणारं असं की घराच्या दारात पाय जमिनीला चिकटलेला माणूस पायऱ्या मात्र सरसर चढून जातो.

एक निरीक्षण मला इथे फार मोलाचं वाटतं. पुण्याच्या मिलेहा सोनेजी वस्तुरचनाकार. त्यांच्या काकांना पार्किन्सन्स होता. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना सहज चढतात-उतरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र अंथरलं आणि काका त्याच्यावरून चालू लागले. ना गोळी वाढवली, ना कुठे मेंदूत हात घातला. मग डोपामिन तेवढंच असताना पाय सुटला कसा?

याचा उलगडा होण्यासाठी मेंदूकडे भागांच्या आपसातल्या संबंधांतून पाहावं लागलं. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूची लगबग एमआरआयवर टिपता येते हे दाखवलं. 1995 मध्ये भारतीय वंशाचे भरत बिस्वाल यांनी काहीही न करता पडून राहिलेल्या माणसांची चित्रं तपासली. हात हलवणारे डावे-उजवे भाग त्या निवांतपणातही एकाच लयीत चढउतार करत होते. याआधी हे चढउतार निरुपयोगी खडखड समजून गाळले जात. शिवारातल्या दोन विहिरींचं पाणी बरोबरीनं चढतं-उतरतं, तेव्हा खालचा झरा एक असावा असं आपण धरतो. मेंदूच्या दोन भागांत दुवा आहे असं म्हणण्यामागे तोच हा तर्क, आणि त्याची मर्यादाही तीच. दोन्ही विहिरी एकाच पावसाने भरत असतील, तर झरा नसूनही पाणी बरोबर वाढेल.

पार्किन्सन्समध्ये या पद्धतीने जे दिसलं ते विचार करायला लावणारं आहे. नेदरलँड्समधल्या रिक हेल्मिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की मेंदूच्या खोल गाभ्यातल्या, हालचाल सांभाळणाऱ्या पुटामेनच्या मागच्या भागाचे, म्हणजे डोपामिन आधी आटतं त्या भागाचे, मेंदूच्या पृष्ठभागाशी असलेले दुवे क्षीण होतात. आणि त्याच वेळी पुटामेनच्या पुढच्या भागाचे दुवे वाढतात. पुढच्याच वर्षी याच गटाने मांडलं की थरथर सुरू होते ती पुटामेनच्या शेजारच्या पॅलिडममधून, आणि लहान मेंदूकडून जाणारी वाट ती वाढवते. म्हणजे आजारी मेंदू नुसता झिजत नाही, तो कामाची फेरवाटणीही करत असतो. सवयीनं, आपोआप होणाऱ्या हालचालीची वाट अडली, तरी डोळ्यांनी पाहून, पायरी मोजून टाकलेल्या पावलाची वाट बरीच शाबूत राहते. जमिनीवरचं चित्र त्याच वाटेला हाक देत असणार.

हे कळल्यावर, ‘बाबाचा पाय उचलूनच नाही राहिला’ म्हणत मागून ढकलणाऱ्या मुलाला आपण काही सांगू शकतो. ढकलू नका. पुढ्यात आडवी काठी धरा, फरशीवर पावला-पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावा, मोठ्याने एक-दोन म्हणा. यासाठी स्कॅन लागत नाही. खरं तर दुव्यांचा नकाशा आजही एकेका रुग्णाच्या निदानाला पुरेसा पक्का नाही. तो अनेकांची सरासरी काढून उभा राहतो. निदान अजून डॉक्टरांच्या नजरेवर आणि हातावरच आहे. कुणी ‘कनेक्टिव्हिटी’च्या नावाखाली महागडी तपासणी सुचवली, तर तिने उपचारात काय बदलेल हे जरूर विचारावं.

माझी खरी चिंता मात्र या नकाशात कोण येतं ही आहे. यंत्रात डोकं जरासं हललं तरी मोजमाप बिघडतं, म्हणून ज्यांची थरथर जास्त त्यांची चित्रं अभ्यासातून बाद व्हायची शक्यताही जास्त. गोळीने दुवे बदलतात, म्हणून अनेक अभ्यासांत आदल्या रात्रीपासून, साधारण 12 तास, गोळी बंद ठेवतात. इस्पितळाजवळ राहणाऱ्याला ते जमतं. पारशिवनीच्या पलीकडच्या, पेंचकाठच्या गावातल्या म्हाताऱ्याने गोळी न घेता, आखडलेल्या अंगाने पहाटे एसटीत चढायचं कसं? नागपुरात एम्स आहे, मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कधी असा अभ्यास उभा राहिला, तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा आणि सोबतच्या माणसाच्या बुडणाऱ्या मजुरीचा खर्च यंत्राच्या खर्चासोबतच धरायला हवा. नाहीतर जो नकाशा निघेल त्यात ही गावं नसतील.