भांडी घासताना भांडीच दिसतात

शंका : मी बावन्न वर्षांची गृहिणी आहे. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. माझा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि रात्री अकराला ओटा पुसून संपतो. देवपूजा पाच मिनिटांत उरकते, गुरुवारची पोथी तर कित्येक महिन्यांत झालेली नाही. कीर्तनात ऐकते, मोबाइलवरही रोज सकाळी निरोप येतात, की कामातच देव पाहावा, साध्या साध्या प्रसंगांतून तो आपल्याला शिकवत असतो. मी प्रयत्न केला. पण भांडी घासताना मला देव दिसत नाही, भांडीच दिसतात. माझी श्रद्धा कमी पडते का, की ज्यांना वेळ नाही अशांनी स्वतःची घातलेली ही समजूत आहे? आणखी एक. आमच्याकडे दूध उतू गेलं, दिवा विझला, पाल चुकचुकली की लगेच त्याचा अर्थ लावतात. मला ते पटत नाही. पण रोजच्या प्रसंगात देवाचा धडा शोधणं आणि पालीच्या चुकचुकण्यात शकुन शोधणं, यांत फरक तो काय?

समाधान : ताई, तुम्ही जाता जाता विचारलेला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. दुधाचंच बघू. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध तापवतात आणि ते उतू जाण्याची वाट बघतात. नव्या घरात राहायला गेल्यावरही दूध मुद्दाम उतू घालवतात. तेच दूध एरवी एखाद्या संध्याकाळी शेगडीवर सांडलं, की घरातले चेहरे उतरतात. दूध तेच आणि उतू जाण्याचं कारणही तेच. तापताना दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर येऊन सायीचा पापुद्रा धरतो, वाफ त्याच्याखाली कोंडते आणि पापुद्र्यासकट दूध उचलून बाहेर काढते. पाण्यावर साय धरत नाही, म्हणून पाणी नुसतं खळखळतं. एकाच घटनेचे दोन उलटे अर्थ लागतात, तेव्हा अर्थ घटनेत नव्हता, आपण तो बाहेरून आणून चिकटवला, एवढं तरी मान्य करावं लागतं. शकुनाला आपल्या मनात आधीच बसलेली भीती किंवा आशा लागते. आणि तो आपल्याला काही करायला सांगत नाही, फार तर कुणावर तरी बोट ठेवायला सांगतो. ते बोट बहुतेक घरांत सुनेकडे वळतं, हे तुम्हाला मी कशाला सांगू! उतू गेलेल्या दुधाचा खरा धडा अगदी कोरडा आहे : त्या वेळी शेगडीपाशी कुणी नव्हतं. ऐकायला तो गोड नाही, पण उद्या सकाळी उपयोगी पडतो. धडा आणि शकुन यांतला फरक मला इथे दिसतो. धड्यानं आपल्या वागण्यात काहीतरी दुरुस्त करावं लागतं, आणि ती दुरुस्ती नीट झाली की नाही हे पुढच्या वेळी तपासताही येतं.

हा निकष मी माझ्या सोयीनं काढला असं वाटू नये, म्हणून आपल्या परंपरेनं कोणते प्रसंग जपून ठेवले ते पाहू. संतचरित्रांतल्या कथांना इतिहास म्हणून पुरावा मागू नये. त्यांतल्या पुष्कळ कथा आज आपण ज्या रूपात ऐकतो, त्याला महिपतींच्या अठराव्या शतकातल्या लेखनानं आकार दिला, आणि तेव्हा ते संत जाऊन शेकडो वर्षं उलटली होती. पण हजार प्रसंगांतून लोकांनी नेमका कोणता लक्षात ठेवला, हाही एक पुरावाच असतो. एकनाथांची कथा घ्या. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशेबाचं काम होतं. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या चाळल्या, शेवटी चूक सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. त्या आवाजानं स्वामी जागे झाले आणि म्हणाले, की एका पैच्या चुकीचा शोध लागला तर एवढा आनंद, मग संसाराच्या मोठ्या चुकीचा शोध लागला तर किती होईल. ही गोष्ट सांगताना आपण घाईनं स्वामींच्या वाक्यापाशी पोचतो. मी तुम्हाला जरा अलीकडे थांबायला सांगेन. एकनाथांनी आधी पै शोधली. पैमध्येही नारायणच आहे असं म्हणून त्यांनी मध्यरात्री वही मिटली असती, तर हिशेब चुकलेलाच राहिला असता आणि सांगायला गोष्टही उरली नसती. काम पुरं झालं, मग अर्थ आला. तोही त्यांनी स्वतः लावला नाही, बाहेरून दुसऱ्यानं दाखवला.

आता तुमची भांडी. कामातच पूजा हा विचार मोबाइलच्या निरोपांपेक्षा फार जुना आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मानं ईश्वराची पूजा करण्याची गोष्ट येते, आणि त्यावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी त्या कर्मांना फुलं मानलं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. फुलाची उपमा नीट धरली तर ती काय सांगते? देवाला वाहायचं फूल आपण निवडून घेतो, किडकं बाजूला टाकतो. कामाचं फूल व्हायचं तर ते निवडक व्हावं लागेल, म्हणजे धड करावं लागेल. करताना डोळ्यांपुढे मूर्ती आणावी, असं त्या उपमेत कुठेच नाही. अरणच्या सावता माळ्यांच्या अभंगांत मळ्यातली भाजी विठ्ठल होते, पण भाजी विठ्ठल झाली म्हणून खुरपणी चुकत नाही. उलट विठ्ठलाचीच खुरपणी म्हटल्यावर ती अधिक नेटकी करावी लागते. म्हणून भांडी घासताना भांडीच दिसतात, ही तक्रार मला श्रद्धेची उणीव वाटत नाही. कढईच्या कानाखाली साचलेलं काळं ज्याला दिसतं, त्याचं कामाकडे लक्ष आहे. सासूबाईंचं उदाहरण तर याहून थेट आहे. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर बेडसोअर होतात. सुरुवातीला टाचेवर किंवा माकडहाडापाशी नुसता लालसर डाग दिसतो आणि तेव्हाच कळला तर पुढचं बरंचसं टळतं. तो डाग दिसणं म्हणजेच त्या क्षणी देव दिसणं, असं मी म्हणेन. त्या वेळी डोळे मिटून कुणी नामस्मरणात रंगलं असेल, तर डाग दिसायचा राहील.

यावर कीर्तनकार मंडळी गोरा कुंभाराचं नाव घेतील. तेरच्या गोरोबाकाकांना चिखल तुडवताना विठ्ठलाशिवाय काही दिसतच नव्हतं आणि हीच तर भक्तीची परमावधी, असं ते म्हणतील. कथा तल्लीनतेसाठी सांगतात हे खरं. पण पायाखाली स्वतःचं रांगतं मूल आलं आणि ते चिखलात तुडवलं गेलं, हे त्या कथेनं लपवलेलं नाही. आईचा आक्रोशही लपवलेला नाही. शेवटी विठ्ठल ते मूल परत देतो. आपल्या स्वयंपाकघरात मूल परत मिळण्याची सोय नाही, म्हणून कथेच्या पहिल्या भागाकडे आपण अधिक गंभीरपणे बघायला हवं. लोकांनी गोरोबांना थोर मानलं, आणि तरीही तल्लीनतेची किंमत कुणाला मोजावी लागली हे गोष्टीतून पुसून टाकलं नाही. मला यात परंपरेचा प्रामाणिकपणा दिसतो. शिवाय याच गोरोबांची दुसरी गोष्ट सगळ्यांना पाठ असते. संतांच्या मेळ्यात मडकं कच्चं की पक्कं हे पारखायचं थापटणं घेऊन ते एकेकाच्या डोक्यावर मारत गेले, आणि चिडलेले नामदेव कच्चे ठरले. हातातल्या अवजारानं श्रद्धेची परीक्षा घेतली गेली, ती मडक्याच्या आवाजाचा कान तयार होता म्हणून. ज्यानं मडकी नीट वाजवून पाहिली नव्हती, त्याला माणसांत काय कळणार?

मग कोणतंही काम मन लावून केलं की ती पूजा होते का? इथे मात्र मी थांबेन. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची त्याला दिली, असं चरित्रकार सांगतात. ती खतं ते अधिक सुवाच्य अक्षरात, अधिक चोख हिशेबानं लिहू शकले असते. पण त्या कागदांकडे नीट लक्ष दिल्यावर जो धडा मिळाला, तो ते काम सोडण्याचा होता. खुद्द महिपतींबद्दलही असंच सांगतात. ते ताहराबादचे कुलकर्णी. पूजेला बसले असताना सरकारी कामाचं बोलावणं आलं, त्यावरून त्यांनी चाकरीची लेखणी खाली ठेवली आणि पुढे ती फक्त संतचरित्रांसाठी उचलली. आपापला धंदा करत राहिलेल्या संतांच्या कथा ज्यानं आपल्यापर्यंत आणल्या, त्यानं स्वतः धंदा सोडला होता, ही गंमत मला फार आवडते. सावत्यांनी मळा सोडला नाही, महिपतींनी दप्तर सोडलं. दोघांचं बरोबर असू शकतं, कारण मळ्यातल्या खुरप्यानं कुणाचं नुकसान होत नव्हतं आणि दप्तरात मन उरलं नव्हतं. काम तुम्हाला आणि इतरांना काय करतंय, हे पाहिल्याशिवाय ‘काम हीच पूजा’ म्हणणं अर्धवट आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि कीर्तन रात्री करायचे. त्या झाडण्याला आपण प्रतीक वगैरे म्हणतो खरे, पण त्या दिवशी तो रस्ता खरोखरच स्वच्छ झालेला असायचा.

एखादा नास्तिक वाचक म्हणेल, की लक्ष देऊन काम करायला आणि चूक दुरुस्त करायला देव कशाला हवा? नको असेल त्याला नको. त्याच्या घरचंही दूध लक्ष दिल्यानंच वाचेल. ज्याला देव आहे त्याच्या बाबतीत एवढंच होतं, की ज्या कामाची दखल घरात कुणी घेत नाही, त्याचाही कुणीतरी साक्षी आहे असं त्याला वाटतं, आणि कुणी बघत नसताना कढईचा कान घासला जातो. हा फरक लहान नाही. पोथीचं म्हणाल, तर ती राहिली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मात्र पाच मिनिटांची पूजा काम हीच पूजा म्हणून बंदही करू नका. तानपुरा गाणं गात नाही, पण तो वाजत नसला की गाणारा कधी सुरातून उतरला ते त्याचं त्यालाही कळत नाही. रोज ठरलेल्या वेळी हात जोडण्याचं काम साधारण तेवढं आहे, आणि त्याला पाच मिनिटं पुरतात.

तुम्ही न विचारलेली एक शंका तुमच्या पत्रातच बसली आहे, ती सोडून देणं बरोबर होणार नाही. पहाटे साडेपाच ते रात्री अकरा राबणाऱ्या बाईला ‘तुझं काम हीच तुझी पूजा’ असं ऐकवणं, हे ऐकवणाऱ्याला फार सोयीचं असतं. श्रमाला देवत्व दिलं की तो वाटून घेण्याचा प्रश्नच मिटतो. हा आक्षेप खरा आहे आणि धर्माच्या नावानं तो झटकून टाकता येत नाही. पण परंपरा इथे कुणाच्या बाजूला आहे, तेही पाहा. जात्यावरच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जात्याला देव म्हणणाऱ्या त्याच बाया त्याच दळणात सासरचा जाच सांगतात, माहेर आठवून रडतात, मुलीच्या जन्माला येण्याबद्दल बोल लावतात. जातं देव होतं म्हणून त्यांनी तक्रार गिळली नाही. उलट देवापाशीच ती केली. जनाबाईंची गोष्ट तर आणखी पुढे जाते. नामदेवांच्या घरची ती दासी. तिच्या कथांत आणि अभंगांत विठ्ठल येतो तो आशीर्वाद द्यायला येत नाही. तो तिच्याबरोबर दळतो, गोवऱ्या वेचतो, धुणं धुतो, तिची वेणीही घालतो. दळणं हीच तुझी भक्ती, तेव्हा चालू दे, असं म्हणून तो विटेवर उभा राहिला असता, तर जनीनं त्याला देव म्हटलं असतं की नाही याची मला शंकाच आहे. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालत, तेव्हा जातं हलकं फिरायचं, हे जुन्या बायकांना ठाऊक होतं. तेव्हा तुमच्या घरात पुढच्या वेळी कुणी जेवणाच्या टेबलावरून ‘यातच देव बघ’ असा उपदेश केला, तर वाद घालू नका. घासणी त्याच्या हातात द्या, आणि सासूबाईंची कूस बदलायची वेळ किती वाजता आहे तेही सांगून ठेवा.