मागची बाजू

आमच्या सोनईहून शनिशिंगणापूर अगदी जवळ. त्यामुळे दार नसलेले घर परगावच्या पाहुण्यांना जितके अपूर्वाईचे वाटते, तितके ते आम्हांला कधीच वाटले नाही. लहानपणी आम्ही सायकली दामटीत तिकडे जात असू. घराला चौकट असे, पण कवाड नसे; फार तर एखादा पडदा, नाहीतर कुत्रे आत शिरू नये म्हणून आडवी लावलेली फळी. खुद्द शनिदेवही चौथऱ्यावर उघड्यावरच उभे, डोक्यावर छप्पर नाही. अलीकडे तिथली सगळीच घरे तशी राहिलेली नाहीत; आणि जी राहिली ती विश्वासापोटी की देवाच्या धाकापोटी, यावर आमच्या पारावर अजून वाद होतात. त्या वादात मला शिरायचे नाही. दार नसलेली घरे मी पुष्कळ पाहिली होती. घर नसलेले दार मात्र पहिल्यांदा पाहिले ते मुंबईत, गोरेगावच्या चित्रनगरीत.

आमच्या गावचा एक मुलगा तिथे सुतारकाम करतो. त्याच्या ओळखीने आत जायला मिळाले. राज्य सरकारने 1977 साली उभारलेली आणि 2001 पासून दादासाहेब फाळक्यांचे नाव लाभलेली ही पाचशे एकरांहून मोठी जागा. तिच्यात तळे आहे, तुरुंग आहे, न्यायालय आहे, खेडे आहे. एका जुन्या वाड्यापाशी आम्ही थांबलो. काय त्याचा थाट! पितळी कड्यांचा दिंडीदरवाजा, वर घडीव दगडाची महिरप. मी दगडावर बोटे वाजवली तर पोकळ आवाज आला. दार ढकलले आणि समोर गवत! वाड्याला पाठच नव्हती. दर्शनी भिंतीला मागून बांबूंचे टेकू, टेकूंच्या पायांवर वाळूची पोती, आणि त्या भिंतीच्या सावलीत दोन कामगार डबा उघडून भाकरी खात बसलेले. "या जेवायला," त्यांतला एक म्हणाला. ज्या घराला ओसरी नाही, स्वयंपाकघर नाही, त्या घरात मला जेवायचा आग्रह झाला!

पुढे एक देऊळ लागले. मी सवयीने चपला काढू लागलो.

"काढू नका, खिळे आहेत," सुतार म्हणाला. गाभारा रिकामाच होता. गोष्टीत ज्या देवाचे काम असेल त्याची मूर्ती आणून बसवायची आणि काम संपले की ती गोदामात परत.

"मूर्ती बसवली की मग आम्हीही काढतो चपला," तो म्हणाला. म्हणजे खिळे तेच, पण मूर्ती आली की त्यांचे भय जाते, असे दिसते.

परतताना गाडीत मला आजी आठवली. 1987 साली रामानंद सागरांचे 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता. आजी रविवारी सकाळी न्हाऊन, धुतलेले लुगडे नेसून शेजाऱ्यांकडे जाई आणि त्या खोक्यापुढे कण्हेरीचे फूल ठेवी. ती अयोध्या उंबरगावच्या स्टुडिओत उभी केलेली होती. पाठोपाठ 1988 साली बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' आले. त्याचे पुष्कळसे चित्रण याच गोरेगावच्या चित्रनगरीत झाले. आजीचे हात जोडले गेले ते मग कशापुढे? प्लायवूडपुढे?

भाव खरा असला की झाले, असे म्हणून यातून सुटता येते. सोपे उत्तर आहे, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही. भोंदू बुवाच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या बाईचा भावही खराच असतो. तेवढ्याने बुवा खरा ठरत नाही. मग सुतार आणि बुवा यांत फरक तो कोणता? दोघेही नसलेले ते आहे असे दाखवितात. मला सुचलेला फरक एवढाच, की सुतार मला आपण होऊन मागे घेऊन गेला. टेकू कसे लावले, सांधा कुठे लपवला, हे तो कौतुकाने दाखवीत होता. बुवाच्या मठीत मागच्या खोलीला नेहमी कुलूप असते.

अमेरिकेतली एक हकीगत अशीच आहे. कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटी येथे एका स्टुडिओचे मोकळे आवार होते. त्याला 'फॉर्टी एकर्स' म्हणत. मौज अशी की प्रत्यक्षात ते तीस एकरही भरत नव्हते! 'गॉन विथ द विंड' या 1939 च्या चित्रपटातले अटलांटा शहर तिथेच उभारलेले. पुढे टीव्ही आला आणि 1960 ते 1968 या काळात 'द अँडी ग्रिफिथ शो' या मालिकेत त्याच रस्त्यांचे मेबेरी नावाचे भाबडे गाव झाले. त्या गावचा पोलीस अधिकारी पिस्तूल बाळगत नाही. गावातला दारुडा रात्री आपल्याच हाताने किल्ली घेऊन कोठडीत झोपतो आणि सकाळी आपणच कुलूप काढून घरी जातो. शिंगणापूरच म्हणाना! 1976 च्या सुमारास ते आवार पाडून टाकले. परंतु नॉर्थ कॅरोलायनातले माउंट एअरी, म्हणजे त्या नटाचे जन्मगाव, आज मेबेरीसारखे नटून बसले आहे; मालिकेतल्यासारख्या जुन्या पोलीसगाड्यांतून तिथे पाहुण्यांना फिरवितात. खऱ्या गावाने खोट्या गावाची नक्कल करावी! हसू येते खरे. पण किल्ली खिळ्यावर टांगता येईल असे गाव कुठेतरी असावे, ही ओढ हसण्यासारखी आहे का?

इथे मला आमच्याच घराची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची नव्हती.

आमचे घर धाब्याचे, मातीच्या भिंतींचे. 1990 साली ताईला बघायला पाहुणे येणार असे ठरले, तेव्हा अण्णांनी उसने पैसे काढून रस्त्याकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि तिला पिवळा रंग दिला. एवढीच भिंत. मागे पावसाने पोखरलेली माती तशीच होती. आईने मला बजावले होते, पाहुण्यांतले कोणी मागे जाऊ लागले तर म्हैस मारकी आहे म्हणून सांग. आमची म्हैस इतकी गरीब होती की तिच्या पाठीवर कावळे झोपत.

पाहुणे आले. पोहे झाले, प्रश्न झाले, ताई आत गेली. घर पाहून मंडळी खूश दिसत होती. आणि एकदम अण्णा उठले. "चला, मागं गोठ्याकडं जाऊ," ते म्हणाले, "घर सगळ्या बाजूंनी बघितलेलं बरं." मी म्हशीचे वाक्य तोंडात धरून तसाच उभा राहिलो. पाहुण्यांनी मागची भिंत पाहिली, विहिरीला पाणी किती म्हणून विचारले, चहा घेतला आणि गेले. त्यांचा निरोप आलाच नाही. आई कितीतरी दिवस अण्णांशी बोलली नाही. ताईचे लग्न पुढे दोन वर्षांनी दुसरीकडे झाले.

चित्रनगरीतून परतल्यावर मला वाटले, अण्णांचे कोडे आज सुटले. भिंत रंगवण्यात खोटेपणा नव्हता. मागची वाट अडवण्यात असता, आणि ती त्यांनी अडवली नाही. गेल्या वर्षी भाऊबीजेला ताई आली, तेव्हा मी तिला हे सगळे मोठ्या उत्साहाने ऐकवले. सुतार, बुवा, मेबेरी, सगळे. ती वाती वळीत ऐकत होती.

"अण्णा चुकले असं मी कधीच म्हटलं नाही," ती म्हणाली. "पण भिंत त्यांची होती, लग्न माझं होतं. मागं नेण्याआधी मला एकदा विचारायचं होतं."

माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही. मागची बाजू दाखवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तीस वर्षांत माझ्या मनाला शिवलाही नव्हता. खरे बोलणाऱ्याच्या खरेपणाची किंमत पुष्कळदा शेजारी उभे असलेले माणूसच मोजत असते, आणि त्याला ती आधी सांगितलेली नसते. सुताराने मला मागे नेले तेव्हा त्याचे काहीच जाणार नव्हते, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आले.

यंदा दिवाळीआधी घराला रंग काढला. धाबे गेले, आता स्लॅब आहे. पण मागची एक भिंत अजून जुनीच आहे. रंगारी बादली घेऊन अंगणात आला आणि म्हणाला, "मालक, मागची बाजूही घ्यायची का?"

ताई चार दिवस राहायला आली होती. मी तिच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. पदर खोचून मागे भिंत बघायला गेली.